हशाचं रजिस्टर

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कोणाकडून ऐकाल तर तो तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं म्हणजे या किश्श्याला वरून काही लावायची गरजच नाही!

आधी माझ्याबद्दल थोडं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. समोर मीटर, हातात पेन, टेबलावर रजिस्टर. दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि लिहायचं. आमच्याकडे ‘बॉयलर बरा वाटतोय’ असं कोणी म्हणत नसे. तापमान किती, दाब किती, किती वाजता, ते बोला. निवृत्त होऊन हुडकेश्वरला घर बांधलं तरी ही सवय गेली नाही. घरच्या कूलरमध्ये रोज किती बादल्या पाणी जातं त्याचीही नोंद माझ्याकडे सापडेल. सुनंदा, म्हणजे आमची सौ., त्या रजिस्टरवर गरम भांडं ठेवते, तो भाग वेगळा.

तर माझी एक भाची आहे, शिवानी. ताईची धाकटी. तिने सिनेमा काढला. पाच मित्र, एक मागून आणलेला कॅमेरा आणि मे महिन्यातले अठरा दिवस, एवढ्या सामग्रीवर अख्खा सव्वा तासाचा विनोदी सिनेमा! नाव ‘वरातीतला कूलर’. भर उन्हात वरात निघते, नवरदेवाला घाम येऊ नये म्हणून हातगाडीवर कूलर सोबत चालतो, आणि चौकात तो कूलरच कोणीतरी पळवून नेतं. मग नवरदेव घोडीवरून उतरून कूलर शोधायला निघतो. शेवटी लग्न लागतं, मुलीची पाठवणी होते, संपलं.

यात गंमत वाटत असली तरी पोरीचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर सिनेमाचं काही झालं तर ठीक, नाहीतर कळमेश्वरच्या एका कंपनीत ऑफिसची नोकरी बोलून ठेवलेली होती. नोकरीत वाईट काही नव्हतं. पण शिवानी त्या नोकरीचं नाव काढलं की जेवण अर्धं टाकून उठायची.

पुण्याचे एक गृहस्थ मोबाईलवरच्या एका ॲपसाठी छोटे छोटे सिनेमे निवडतात. त्यांनी येऊन पाहायचं कबूल केलं होतं. त्याआधी आपल्या लोकांना दाखवून मतं घ्यावीत, असं शिवानीच्या मनात आलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, आपले लोक तोंडावर छानच म्हणतात. छान म्हणजे काय समजू मी?”

आता तुम्हीच सांगा, हा प्रश्न तिने योग्य माणसाला विचारला की नाही?

मी तिला सांगितलं, पोरी, तू निश्चिंत राहा. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही. लोकांना मत विचारायचंच नाही. ते कधी हसले, किती हसले, याचं रीडिंग घ्यायचं. मी त्याच दिवशी रजिस्टर आखलं. वेळ, हशा, शेरा असे तीन रकाने. शून्य म्हणजे शांत, एक म्हणजे खुदखुद, दोन म्हणजे हशा, तीन म्हणजे शिट्ट्या नि टाळ्या.

शिवाय तीन नियम केले. पहिला, शिवानी आणि तिच्या मित्रांपैकी कोणीही खेळ चालू असताना आत यायचं नाही, कारण स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसतील आणि रीडिंग चुकेल. दुसरा, प्रत्येकाने चिठ्ठी भरायची, त्यात ‘आवडलेलं पात्र’ आणि ‘सूचना’ एवढंच. तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: मला तोंडी कोणी काही सांगायचं नाही. तोंडी मत ग्राह्य धरलं जाणार नाही. हे मी सभागृहात माईकवरून दोनदा जाहीर केलं.

आमच्या कॉलनीतल्या विहाराला लागून सभागृह आहे. त्याची समोरची भिंत पांढरीशुभ्र, तोच पडदा. मधोमध एका बुटक्या टेबलावर प्रोजेक्टर. रविवारची संध्याकाळ, पडदे ओढलेले, कॉलनीतली पन्नासेक माणसं. ताई आणि भाऊजी त्या दिवशी उमरेडला एका लग्नाला गेले होते. शिवानीने बटण दाबलं आणि नियमाप्रमाणे बाहेर समोशांपाशी जाऊन उभी राहिली.

आता लोकांचे चेहरे दिसायचे तर त्यांच्याकडे तोंड करून बसायला हवं. म्हणून मी भिंतीला पाठ लावून, उजव्या कोपऱ्यात खुर्ची टाकली. लिहायला उजेड हवा, म्हणून कपाळाला पट्ट्याचा दिवा बांधला. वीज केंद्रात पाहणीला जाताना बांधायचो तसला. मांडीवर रजिस्टर, डोळ्यांवर चष्मा, मनगटावर घड्याळ. तयारीत कुठं खोट काढून दाखवा!

सिनेमा सुरू झाला आणि काय सांगू, पहिल्या पाच मिनिटांतच हशा. मी लिहिलं: दोन. मागच्या रांगा नीट दिसेनात म्हणून जरा ताठ बसलो, पुन्हा हशा. पुन्हा दोन. पेनाने एकेक रांग मोजत होतो, तेवढ्यात शिट्टी. तीन! एक डास टकलावर बसला, तो मी मारला, त्याच वेळी सभागृह कोसळायचंच बाकी राहिलं. मनात म्हटलं, पोरीने काय लिहिलंय! समोरच्या रांगेतल्या एक बाई तर पदर तोंडात कोंबून माझ्याचकडे पाहत होत्या. मला वाटलं, रीडिंग घेतोय म्हणून लाजल्या असतील.

आणि शेवटी एक चमत्कार झाला. पाठवणीचा प्रसंग लागला. मागून वधूपित्याचा रडण्याचा आवाज, सनईचा आवाज, आणि समोर लोक हसून हसून खुर्चीवरून घसरताहेत. मी चार मिनिटांत सात वेळा तीन लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: करुण प्रसंगात सर्वाधिक हशा, कारण शोधावे.

खेळ संपल्यावर बाहेर पडणारा प्रत्येक जण शिवानीला सांगत होता की तुझ्या मामांनी कमाल केली. तिला वाटलं, रजिस्टरबद्दल बोलताहेत. मलाही तेच वाटलं.

घरी आल्यावर सुनंदा काहीतरी सांगायला लागली.

“ऐका ना जी, तुमी तिथं बसले होते ना…”

मी हात वर केला. “तोंडी नाही. नियम सगळ्यांले सारखा. चिठ्ठी भर.”

“बाप्पा, आता मी आपल्याच नवऱ्याले अर्ज करू काय?” म्हणाली आणि आत निघून गेली. मी अर्थातच विरघळलो नाही. एकदा बायकोचं तोंडी ऐकलं की शिस्त संपली.

मग चिठ्ठ्या उघडल्या. ‘आवडलेलं पात्र’ या रकान्यात नवरदेवाला दोन मतं. नवरीला एक, तेही तिच्या मावशीचं. आणि बाकी झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवर काय असावं? ‘कोपऱ्यातले काका.’ ‘कोपऱ्यातला म्हातारा लई भारी.’ ‘कोपऱ्यातल्या काकांचं काम वाढवा.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘काका एक शब्द न बोलता हसवतात, याला म्हणतात अभिनय.’

मी शिवानीला विचारलं, तुझ्या सिनेमात कोपऱ्यात बसलेला म्हातारा कोण? ती विचारात पडली. मग तिला आठवलं. पाठवणीच्या प्रसंगात उजव्या कोपऱ्यात खाटेवर बंडूभाऊ बसलेले होते. बंडूभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले. त्यांना कोणी काम दिलंच नव्हतं. खाट त्यांची होती, म्हणून तेही होते.

“पण मामा, ते तर काहीच करत नाहीत,” शिवानी म्हणाली.

“तेच तर!” मी म्हणालो. “काहीच न करता एवढा हशा. हा माणूस रत्न आहे पोरी, रत्न!”

इथून पुढे मी थांबलोच नाही. नवरदेवाचे नऊ विनोद मी रजिस्टर पाहून काढायला लावले, कारण रजिस्टरप्रमाणे हशा त्या विनोदांवर नाही, भलत्याच क्षणी पडला होता. पाठवणी चार मिनिटांची नऊ मिनिटं केली. आणि बंडूभाऊंचे सहा नवे प्रसंग घेतले. बंडूभाऊ पोहे खाताना, बंडूभाऊ पान लावताना, बंडूभाऊ नुसते पाहताना. शिवानीला मनातून पटत नव्हतं. तिने दोनदा विचारलं, मामा, नक्की ना? मी दोन्ही वेळा रजिस्टर उघडून बोट ठेवलं. आकड्यांपुढे कोण बोलणार? पोरीचा माझ्यावर विश्वास होता, आणि माझा माझ्यावर तिच्यापेक्षा जास्त होता.

तिकडे गल्लीत इस्त्रीचे कपडे साठत गेले, कारण बंडूभाऊ शूटिंगला. त्यांनी लोकांच्या हाका ऐकून न ऐकल्यासारखं करायलाही सुरुवात केली होती. सुनंदाला मी सांगितलं की कोपऱ्यातल्या काकांचं काम वाढवतोय, लोकांची मागणी आहे. ती एकदम खुलली. म्हणाली, वाढवा की, लोकायले लई आवडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून शूटिंगला निघताना माझ्या हातात स्वतः इस्त्री केलेला शर्ट ठेवू लागली. मला भरून आलं हो. चौतीस वर्षांत कधी एवढं कौतुक झालं नव्हतं.

पुण्याचे पाहुणे आले तो दिवसही रविवारच. दुपारी चारचा खेळ, तेच सभागृह, तेच लोक, उलट दहा-वीस जास्तच. या वेळी ताई आणि भाऊजीही आले. भाऊजी हाताची घडी घालून दाराजवळ बसले. आता मी सल्लागार झालेलो. त्यामुळे पुढच्या सोफ्यावर, पाहुण्यांच्या शेजारी. दिवा घरी ठेवला होता, कारण आज एकच मीटर वाचायचा होता, पाहुण्यांचा चेहरा. रजिस्टर मांडीवर घेऊन मी सव्वा तास त्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

बंडूभाऊंनी पोहे खाल्ले. चेहरा शून्य. बंडूभाऊंनी पान लावलं. शून्य. एकदाच काय तो मागे वळलो, तर लोक एकमेकांकडे पाहत होते. सभागृहात फक्त खऱ्या कूलरचा आवाज. पाठवणीच्या सातव्या मिनिटाला पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. माझ्या रजिस्टरच्या दोन पानांवर एकाखाली एक शून्य. अख्ख्या नोकरीत इतकी शून्यं मी कधी लिहिली नव्हती.

दिवे लागले. कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून त्या पदरवाल्या बाईंचा आवाज आला, “आज कोपऱ्यातले काका नाही दिसले गं.”

बंडूभाऊ उठून उभे राहिले. “नाही दिसले? मी तर पुरा वेळ होतो ना!”

“तुमी नाही जी. ते. डोक्याले दिवा बांधलेले.”

आणि साठ-सत्तर माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं.

मला अजून कळेना. शेवटी सुनंदा उठली. तिने सगळ्यांसमोर, शांतपणे सांगितलं. मी ताठ बसलो की माझ्या डोक्याची सावली सिनेमात शिरत होती. रांगा मोजायला पेन वर केलं की ते पडद्यावरच्या वधूपित्याच्या कानात जात होतं. मी डास मारला तेव्हा नवरदेवाला टपली बसली. आणि ती पाठवणी! बिचारी नवरी रडतेय आणि माझी सावली पेनाने तिच्या नाकाखाली मिशी काढतेय, चार मिनिटं. त्यात कपाळावरच्या दिव्याने माझं गंभीर तोंड वेगळंच उजळलेलं. लोकांना वाटलं, हा सिनेमाचाच भाग आहे, शिवानीने काहीतरी नवीन केलंय.

“मग तू मले सांगितलं काहून नाही?” मी विचारलं.

“सांगून राहिली होती ना त्या दिवशी. तुमी चिठ्ठी मागितली. मंग तुमी म्हटलं काकांचं काम वाढवतो, मले वाटलं तुमाले समजलं. मी इकडे रोज शर्टाले इस्त्री करून राहिली, का माणूस हिरो होऊन राहिला!”

या वेळी मात्र सभागृहात खरा हशा झाला. तीनचा. मी लिहिला नाही.

पण शिवानी हसली नाही. ती खाली बसून प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती, आणि ती वायर तिने दोनदा गुंडाळून दोनदा सोडली. भाऊजी तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “उद्या कळमेश्वरले जाऊ बेटा. पाहून तर ये.” ती हो म्हणाली. नुसतं हो. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी फार लाज वाटली. तिने मला एक गोष्ट विचारली होती, आणि मी तिचा सिनेमा तिच्याच हाताने कापायला लावला होता.

मी पाहुण्यांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, साहेब, चूक माझी आहे. तुम्ही पाहिलात तो माझा सिनेमा होता. पोरीचा अजून तुम्ही पाहिलाच नाही. तिच्या लॅपटॉपमध्ये पहिला जसाच्या तसा आहे. सव्वा तास आणखी द्या.

पाहुणे भला माणूस. त्यांची गाडी सुटायला वेळ होता. ते म्हणाले, “पाहतो. पण एका अटीवर. काका बाहेर थांबतील.”

मी बाहेर थांबलो. पायऱ्यांवर, लोकांच्या चपलांच्या शेजारी. दार लागलं. थोड्या वेळाने आतून हशा आला. मग आणखी एक. मी सवयीने घड्याळ पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि लिहीत गेलो. आणि मग जुनं पान शेजारी धरून पाहिलं. ज्या ज्या मिनिटाला आत लोक हसत होते, तिथंच ते नऊ विनोद होते, मी काढायला लावलेले. पाठवणीला आत अगदी शांतता झाली. एकदा कोणीतरी नाक शिंकरलं. नंतर कळलं, ते भाऊजी होते.

दार उघडलं तेव्हा पाहुणे चष्मा पुसत बाहेर आले. शिवानीला म्हणाले, एक-दोन ठिकाणी आवाज नीट कर आणि पाठव, मी घेतोय. ताईने तिला मिठी मारली. भाऊजींनी खिशातून फोन काढला, कळमेश्वरला लावला आणि बोलत बोलत झाडाखाली निघून गेले. बंडूभाऊ म्हणाले की पहिल्यातही त्यांचं काम बरंच झालंय. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना समोसे वाटत सुटलो, आणि आनंदात माझा आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला. शिवानीला मी सांगितलंच, बघ पोरी, शेवटी रीडिंगनेच सिद्ध झालं ना!

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पाहुण्यांनी समोसा हातात घेतला आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, “काका, या सिनेमासाठी तुम्ही एवढे कष्ट घेतलेत. इतरांची मतं झाली. तुम्हाला स्वतःला त्यातला कोणता प्रसंग सगळ्यात जास्त आवडला?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. शिवानी तर मान वर करून, मोठ्या आशेने.

मी सांगायला तोंड उघडलं, आणि आठवू लागलो. पहिल्या खेळाला मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. दुसऱ्या खेळाला मी या पाहुण्यांचा चेहरा पाहत होतो. आणि तिसऱ्याला मी चपलांजवळ होतो. ज्या सिनेमावर मी महिनाभर अख्ख्या कॉलनीला मतं ऐकवली, तो मी एका मिनिटापुरताही पाहिलेला नव्हता.

म्हणालो, “असं तोंडी नको. लिहून देतो.”

सुनंदाने पर्समधून कोरी चिठ्ठी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. मी लिहायला बसलो. तारीख लिहिली, वेळ लिहिली, नाव लिहिलं, खाली ‘सेवानिवृत्त, कंट्रोल रूम’ असंही लिहिलं. ती चिठ्ठी तिने आमच्या फ्रिजवर लावून ठेवली आहे. जाताना पाहून जा, बाकीचे रकाने अजून कोरेच आहेत.